चिठ्ठीची बंद खूण

सोमवार, ४ तारीख

ताई,

पत्राची सुरुवात कशी करतात ते शाळेत शिकवलं होतं, पण आत्ता एक ओळ आठवत असेल तर शपथ. कागदाला गोंद लागलाय तिकडे बघू नकोस. कारखान्यातूनच लिहितेय, जेवणाच्या सुट्टीत, पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर बसून.

आज इथे आपल्या शाळेच्या कॉम्प्युटरच्या बाई आल्या होत्या. आपल्या म्हणजे तू शिकलीस, मी अर्धी सोडली आणि बाबा जिथे शिपाई आहेत, तीच शाळा. बाई नवीन आहेत. मी कोण ते त्यांना माहीत नाही. त्यांना पुठ्ठ्याचा खेळ बनवून हवाय, फाशांचा, वर्गात खेळायचा. पण खेळता खेळता पोरांना वेबपेजचा कोड आला पाहिजे. कारण लॅबमध्ये कॉम्प्युटर नऊ, त्यातले चालू दोन, आणि सातवीची पोरं बेचाळीस. बाई म्हणाल्या, "एका माउसवर एकवीस हात. मी शिकवू की भांडणं सोडवू?"

त्यांनी चित्र काढून आणलं होतं. सापशिडी. शिडीवर प्रश्न, उत्तर चुकलं की साप. मला वाटलं, ही तर परीक्षाच आहे, फक्त फासा लावलेली. तोंडातून काही निघणार नव्हतंच, तुला माहीत आहे. पण हात कधी पुढे गेले ते कळलंच नाही. टेबलावर कात्रणं पडली होती. एक लांब पट्टी ठेवली, ही कोडमधली उघडायची खूण. खाली तेवढीच दुसरी, ही बंद करायची. दोन्हींच्या मध्ये लहान पट्ट्यांची जोडी, तिच्या आत अजून लहान. आमच्याकडे खोक्यात खोकं घालून पाठवायचं काम असतं, त्याचा एकच नियम आहे: आतलं झाकण आधी. आतलं उघडं राहिलं तर बाहेरचं बसतच नाही. तू मला कोड शिकवायचीस तेव्हा पण हेच म्हणायचीस ना, जे शेवटी उघडलं ते आधी बंद.

बाई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला कोड येतो?"

माझी दातखीळ बसली. चिकटकामाच्या मावशी माझ्या शेजारी बसतात, त्यांचं तोंड दिवसभर चालू असतं. त्या म्हणाल्या, "मुकी नाही हो ती. बोलायचं साठवून ठेवते. एक दिवस सगळं एकदम बाहेर काढेल, तेव्हा आपण पळायचं."

बाई हसल्या आणि म्हणाल्या, "मग हिलाच बनवू दे." इथपर्यंत ठीक होतं. पुढे म्हणाल्या, "आणि वर्गात येऊन खेळ समजावूनही हिनेच सांगायचा. वीस तारखेला."

ताई, त्या वर्गात? मी? नववीत तिसऱ्या बाकावरून उठून गेले, ती त्या फाटकातून परत आत गेलेली नाही. बाबांचा डबा पण बाहेरून देते. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि मावशी म्हणाल्या, "बघा, हो म्हणतेय."

तर एक विचारायचं होतं. बाईंनी कोडच्या खुणांची यादी दिलीय, तिच्यात चित्राच्या खुणेला बंद खूणच नाही. छापायला विसरल्या की खरंच नसते? आईला सांग फोनवर.

फोनवरून आठवलं. तू दर रविवारी फोन करतेस आणि "ठकीला दे" म्हणतेस, आणि आई सांगते ठकी आंघोळीला गेलीय. ती खोटं बोलत नाही. मी खरंच आत असते, नळ सोडून. तीन वर्षं झाली आता. तुला वाटत असेल तू गेलीस म्हणून मी रागावलेय. तसं नाहीये. एवढंच लिहिते.

तुझी बहीण


सोमवार, ११ तारीख

ताई,

काल नळ पूर्ण सोडला होता तरी मला सगळं ऐकू आलं, कारण आई फोनवर बोलते म्हणजे गावाला सांगते. "चित्राला बंद खूण नसते? एकटीच पुरते? बरं बाई. आणि काय विचारू? चिठ्ठी? कसली चिठ्ठी गं?"

माझ्या हातातून साबण पडला.

बाहेर आले तर आई म्हणाली, "ताई विचारत होती, खेळात चिठ्ठीची खूण घेतलीस का? ती विसरू नको म्हणाली." आणि माझ्याकडे बघून, "अशी काय पांढरी पडलीस? पाणी गार होतं का?"

मी ती मुद्दामच घेतली नव्हती. पोरांना अवघड जाईल म्हणून. म्हणजे असं मी बाईंना सांगितलं असतं. पान बनवणारा कोडच्या मध्येच पुढच्या माणसासाठी काही लिहून ठेवतो, आणि ते पानावर कुणालाच दिसत नाही, हे सातवीच्या पोरांना कशाला? पण तू का विचारलंस? एवढ्या सगळ्या खुणा असताना हीच का? सकाळपासून तेच डोक्यात आहे. चार खोकी उलटी चिकटवली आज.

तरी आता घेतलीय ती. तू सांगितलंस म्हणून.

खेळ कसा झालाय ते सांगते. मध्ये मोठा पांढरा पुठ्ठा, ते पान. प्रत्येक गटाला खुणांच्या पट्ट्या. मथळ्याची लाल, परिच्छेदाची निळी, यादीची हिरवी. फासा पडेल तेवढ्या पट्ट्या उचलायच्या आणि पान लावायचं. बंद पट्टी चुकीच्या जागी लावली की शेजारचा गट "झाकण!" असं ओरडतो आणि ती काढून घेतो. चिठ्ठीची पट्टी करडी आहे. तिचे दोन नियम केलेत. एक, बंद करायची विसरलात तर त्याखालच्या सगळ्या पानावर काळा पुठ्ठा येतो. सगळंच गडप, कारण कॉम्प्युटरला वाटतं पुढचं सगळं पण चिठ्ठीतलंच आहे. दोन, पानावर दिसत नाही म्हणून, ज्याला चिठ्ठी सापडेल त्याने ती वर्गात मोठ्याने वाचायची. हा दुसरा मला फार आवडला, पोरं काहीबाही लिहितील आणि हसतील.

आधी मावशींना खेळायला बसवलं. त्यांना धड वाचता येत नाही, तरी मला तीनदा हरवलं. "अगं, हे तर आपलंच काम की! उगाच कॉम्प्युटर कॉम्प्युटर करून घाबरवतात गरिबाला." मग त्यांच्यावरच काळा पुठ्ठा आला. तर म्हणाल्या, "एवढीशी पट्टी राहिली आणि पान सगळं गेलं? हा कसला न्याय?" मी म्हटलं, "असंच असतं." मोठ्याने म्हटलं, मावशींनी वर मान करून बघितलं.

तुझी बहीण


गुरुवार, १४ तारीख

ताई,

हे पत्र पेटीत टाकेन की नाही माहीत नाही.

आज बाई खेळ बघायला आल्या. खूश झाल्या. पट्ट्या वास घेऊन बघितल्या, काळा पुठ्ठा चार वेळा पानावर पाडून बघितला. आणि मग पिशवीतून कागद काढले. "शेवटचा डाव खऱ्या पानाचा लावू. आपल्या शाळेच्याच वेबसाइटचा कोड छापून आणलाय, सात गटांना सात प्रती. पोरांना सांगू, रोज बघता ते पान आतून असं असतं."

तुझं पान आहे ते. तू केलेलं. अजून तेच चालू आहे, ताई! बाई म्हणाल्या की तीन वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनापुढे "नवीन" असं अजून लुकलुकतंय, कुणी हातच लावला नाही. मी कागद घेतले आणि उलटे करून पुठ्ठ्याखाली सरकवले. वाचले नाहीत. वाचणार पण नाही.

आता सांगते. बाबा कामावर आहेत, आई बाजारात गेलीय.

त्या दिवशी, म्हणजे तुझं पान सगळ्यांना दाखवायचं होतं त्या दिवशी, तू सकाळी आंघोळीला गेली होतीस. नळ चालू होता. तुझा कॉम्प्युटर उघडा होता आणि मी तुझ्या फाइलमध्ये गेले. थोडंसं काहीतरी केलं. काय ते विचारू नकोस. नळ बंद झाला तशी पटकन बाजूला झाले. बहुतेक तेव्हाच ती खूण पुसली गेली. चिठ्ठीची बंद खूण. तू घाईत होतीस, तशीच फाइल घेऊन गेलीस.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू स्टेजवर होतीस, मी बाकांवर होते, मला दिसलं ते तुला दिसलं नसेल. पडद्यावर शाळेचं नाव आलं, खाली काहीच नाही. कोरं. मुख्याध्यापक माइकवर म्हणाले, "हे काय, चुना लावलाय का भिंतीला?" सगळा हॉल हसला. बाबा पाहुण्यांना पाणी देत होते. त्यांनीच मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून तुला ते काम मिळवून दिलं होतं. त्यांच्या हातातला ट्रे वाजायला लागला, ग्लासांवर ग्लास. मी तो आवाज अजून ऐकते.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "नाक कापलंस माझं." तू म्हणालीस, "चूक झाली." बाबा म्हणाले, "असली चूक करणारीने या घरात कॉम्प्युटर उघडायचा नाही." तू म्हणालीस, "मग घरच नको." मी तिथेच होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. एक वाक्य बोलायचं होतं मला, चार शब्दांचं. ते मी केलं, बाबा. तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. चौथ्या दिवशी तू गेलीस.

त्यानंतर वर्गात कुणी काही विचारलं की ते चार शब्दच आधी तोंडात यायचे आणि मग दुसरं काहीच यायचं नाही. सर म्हणायचे उत्तर दे. मी उभी राहायचे. पोरं मोजायला लागायची, एक, दोन, तीन, किती वेळ उभी राहते ते. म्हणून शाळा सोडली. आईला सांगितलं डोकं दुखतं.

तुझं घर माझ्यामुळे सुटलं. म्हणून नळ.

आता वीस तारखेला त्याच पानाचा डाव मी मांडायचा आहे. त्याच शाळेत. बाबा तिथे घंटा देत असतील.


बुधवार, २० तारीख

ताई,

आधीचं पत्र पेटीत टाकलं नव्हतं. या पाकिटात दोन्ही आहेत, आधी ते वाच. आणि बसून वाच.

मला अजून खरं वाटत नाहीये. मी घरी कशी आले ते आठवत नाही, चपला बदललेल्या आहेत, एक माझी आहे आणि एक कुणाची तरी.

मी गेले. मावशी फाटकापर्यंत सोडायला आल्या, म्हणाल्या, "वाघ नाहीत गं आत, सातवीची पोरं आहेत." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "म्हणजे वाघच, पण बुटके." बाबा व्हरांड्यात होते. त्यांनी मला बघितलं, खोक्याकडे बघितलं, आणि एक शब्द न बोलता खोकं उचलून वर्गापर्यंत नेलं.

बेचाळीस जणं. मी फळ्याकडे तोंड करून पट्ट्या काढत राहिले. बाई म्हणाल्या, "ही ताई सांगेल तसं खेळायचं." ताई! मला आजपर्यंत कुणी ताई म्हटलेलं नाही. मग पोरंच, "ओ ताई, फासा आधी की पट्टी?" "ओ ताई, हा मागचा ढकलतोय." आणि मी उत्तर दिलं. फासा आधी. ढकलू नको रे. एवढेच शब्द, पण निघाले. पहिला डाव झाला, "झाकण! झाकण!" असा आरडाओरडा, एका गटावर काळा पुठ्ठा पडला तेव्हा तर बाकंच बडवली. बाई डोळे पुसत होत्या हसून.

मग बाईंनी तुझे कागद वाटले.

मी खिडकीजवळ जाऊन उभी राहिले. मनात म्हणत होते, एवढा एक डाव, मग घरी. पुढच्या बाकावर दोन वेण्यांची एक पोरगी आहे, आवाज म्हणजे ताशा. तिने हात वर केला. "ताई, चिठ्ठी सापडली! पान दोनवर! वाचू?"

नियम माझाच. बाई म्हणाल्या, "वाच की." त्यांनी पण वाचलेली नव्हती, कोड तसाच छापायला टाकला होता.

तिने वाचलं. मी जसंच्या तसं लिहिते, ते मला आता कधी विसरायला होणार नाही.

"इथून खाली सूचनाफलक सुरू."

पोरं म्हणाली, हॅ, एवढंच?

"थांबा ना, पुढे आहे. ताई जाऊ नको ना. तू गेलीस की माझ्याशी कोण बोलणार."

ताई, तेच होतं ते. ते मी लिहिलं होतं. तुला दुसऱ्या शहरातून नोकरीचं पत्र आलं होतं, तू ते उशीखाली ठेवलं होतंस, मी बघितलं होतं. तोंडाने विचारायची हिंमत नव्हती. म्हटलं, चिठ्ठीत लिहिलेलं कुणालाच दिसत नाही, फक्त पान बनवणाऱ्याला दिसतं, म्हणजे फक्त तुला. तुझ्या ओळीच्या शेवटी गेले, थोडं खोडलं, माझं लिहिलं. खोडताना ती खूण गेली.

ती पोरगी आता हळू वाचायला लागली.

"वरची ओळ ठकीची आहे. लिहिताना तिच्याकडून बंद खूण पुसली गेली, म्हणून पान कोरं दिसलं. सतरा तारीख, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी परत घातली. न तपासता पान चढवलं, ही चूक माझी. मी जाणार हे आधीच ठरलं होतं, ठकीमुळे नाही. पुढे या पानावर जो काम करेल त्याने ही चिठ्ठी पुसू नये. ठकी, तू कधीतरी इथे येशीलच."

आणि मग ती म्हणाली, "इथे बंद खूण. बरोबर आहे. काळा पुठ्ठा नाही."

तुला माहीत होतं! त्याच दुपारी, चार वाजून दहा मिनिटांनी! म्हणजे संध्याकाळी बाबा ओरडत होते, तू "चूक झाली" म्हणत होतीस, तेव्हा तुला सगळं माहीत होतं? मी उंबऱ्यावर बसले होते आणि तू एकदा माझ्याकडे बघितलंस, ते मला आठवतं, मला वाटलं तू माझ्यावर चिडलीयस की मी तुझ्या बाजूने बोलत नाही. मी तीन वर्षं जे पोटात घेऊन नळाखाली बसले ते शाळेच्या वेबसाइटवर होतं, ताई. सगळ्यांसमोर. कुणीही बघू शकलं असतं. मी सोडून सगळ्या जगाला मोकळं होतं.

एक पोरगा म्हणाला, "ठकी कोण?"

बाई म्हणाल्या, "कुणास ठाऊक. पान करणारीच्या घरातलं कुणीतरी."

"मी," असं कुणीतरी म्हणालं.

बेचाळीस डोकी माझ्याकडे वळली तेव्हा कळलं, मीच म्हणाले होते. मग मी परत म्हटलं. "ठकी मी. ती खूण माझ्याकडून पुसली गेली."

मोजायला कुणी सुरुवात केली नाही. त्या दोन वेण्यांच्या पोरीने विचारलं, "मग ती ताई गेली का?"

मी म्हटलं, "गेली."

"मग तुमच्याशी कोण बोलतं?"

मी दाराकडे बघितलं, आणि दारात बाबा होते. हातात सूचनांची वही. कधीपासून उभे होते ते देव जाणे. वहीवर सही घ्यायची असते बाईंची, ती न घेताच वळून गेले. आणि ताई, बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा तास संपल्याची घंटा उशिरा दिली. चांगली सात-आठ मिनिटं. पोरांना वाटलं खेळाला जास्त वेळ मिळाला, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाबा घरी आले ते युनिफॉर्म न बदलता माझ्यासमोर पाटावर बसले.

"ते तू लिहिलं होतंस?"

"हो."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला विचारलंच नव्हतं."

ते बराच वेळ टोपीची घडी घालत बसले. घालायची, उलगडायची. मग म्हणाले, "तिला तरी कुठे विचारलं होतं मी." आई आत भांडी घासत होती, भांड्यांचा आवाज थांबला.

मग त्यांनी विचारलं, तिचा फोन कधी येतो. जसं काही माहीतच नाही. दर रविवारी बरोबर त्या वेळी पान खायला म्हणून बाहेर जातात, आणि पान खात नाहीत, आम्हाला माहीत आहे. आई म्हणाली, रविवारी, दहाला. ते म्हणाले, "आला की मला द्या आधी."

मी म्हटलं, "आधी मी."

आईने ओले हात पदराला पुसले.

बाईंना खेळ अजून हवाय, दुसऱ्या तुकडीसाठी. मी करडी पट्टी थोडी रुंद करणार आहे, लिहायला जागा कमी पडते. बाकी काय काय आहे ते लिहीत नाही. रविवारी कर फोन. नळ बंद असेल.

ठकी